सेमाग्लुटाईडवरून टिर्झेपेटाईडवर जाताना डोस परत कमी का?

वजन कमी करायचं आठवड्याचं इंजेक्शन सेमाग्लुटाईड २.४ मिग्रॅ चालू आहे, वजन कधीचं अडकून बसलंय, आता डॉक्टर म्हणतायत त्याच प्रकारचं दुसरं इंजेक्शन टिर्झेपेटाईड घ्या पण २.५ मिग्रॅपासून, म्हणजे परत पहिल्यापासून? भूक खवळणार ना?

> आकडे सारखे दिसले तरी तुलना करू नका, औषधं वेगळी आहेत. सेमाग्लुटाईड फक्त जीएलपी-१ वर, टिर्झेपेटाईड जीएलपी-१ सोबत जीआयपीवर पण काम करतं (हे दोन्ही भूक आणि साखरेशी संबंधित आतड्यातले हार्मोन). २.५ नुसता शरीराला सवय व्हावी म्हणून, ४ आठवड्यांनी ५ करतात, तोवर भूक वाढू शकते, चालायचंच.

> दोन्ही एकत्र घेऊ नका हां!

> गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा, टिर्झेपेटाईडने त्यांचा असर कमी होऊ शकतो, सुरुवातीला आणि दरवेळी डोस वाढला की ४ आठवडे कंडोम वगैरे लागतो. हे कोणी सांगतच नाही.