शब्दचर्चा: फॅन्टसी बास्केटबॉलमधलं संघाचं नाव म्हणजे नाव, टोपणनाव की बिरुद?

प्रश्न

न्यू जर्सीतल्या भाच्याने त्याच्या फॅन्टसी बास्केटबॉल लीगमध्ये मला ओढलंय. खेळ समजला. एनबीएतले (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधले) खेळाडू आपसांत वाटून घ्यायचे, आणि ते खऱ्या सामन्यांत जे गुण, रिबाउंड, असिस्ट मिळवतील ते आपल्या खात्यात. पण सुरुवातीलाच संघाचं नाव मागितलं आणि तिथे अडलो. इतरांची नावं बघितली तर एकही संघाच्या नावासारखं वाटेना. ‘द बटलर डिड इट’ काय, ‘डोन्ट बी शाय’ काय! दोन शंका आहेत. ‘फॅन्टसी टीम’ला मराठीत ‘स्वप्नसंघ’ म्हणावं का? आणि असल्या नावांचा अर्थ नेमका शोधायचा कुठे?

प्रतिसाद १

‘स्वप्नसंघ’ नको. बास्केटबॉलमध्ये तो शब्द १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या अमेरिकी संघाने अडवून ठेवलाय. जॉर्डन, मॅजिक जॉन्सन आणि लॅरी बर्ड एकाच बाजूने खेळले तो. क्रिकेटचे वार्ताहर ‘कागदावर बलाढ्य संघ’ लिहितात, त्या चालीवर ‘कागदी संघ’ म्हणता येईल. माझं मत मात्र ‘मांडे’ला. मनातलेच आहेत ना!

प्रतिसाद २

मांडे झकास, पण बोलताना लोक सरळ ‘टीम’च म्हणणार. मला क्रियापदात जास्त रस आहे. ड्रीम इलेव्हनमुळे आपल्याकडे ‘टीम लावली का?’ रूढ झालं. ‘पैज लावणे’, ‘आकडा लावणे’ यांच्या रांगेतलंच हे ‘लावणे’. एका सामन्यापुरती टीम, पैसे आत, रात्री निकाल. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचा खेळ बंद झाला, क्रियापद टिकलं. भाच्याची लीग मात्र ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत चालणार. तिथे टीम ‘लावत’ नाहीत, ‘बांधतात’ किंवा ‘सांभाळतात’. एका रात्रीच्या टीमला कुणी नाव देताना विचार करत नाही. सहा महिने सांभाळायची असली की मग नावाचा प्रश्न पडतो.

प्रतिसाद ३

दुसऱ्या शंकेबद्दल जरा सविस्तर लिहितो.

खऱ्या संघांची नावं आधी बघा. ती गावातून येतात आणि बरेचदा गाव सोडून जातात. लेकर्स मूळचे मिनियापोलिसचे. मिनेसोटा हे दहा हजार तळ्यांचं राज्य म्हणवून घेतं, म्हणून ‘तळ्यांवरचे’. १९६० मध्ये संघ लॉस एंजेलिसला गेला, तळी मागे राहिली, नाव बरोबर गेलं. न्यू ऑर्लिन्सचा जॅझ १९७९ मध्ये यूटाला गेला. जॅझ म्हटल्यावर यूटा सुचणारा माणूस मला अजून भेटायचाय. उलट गंमत पिस्टन्सची. फोर्ट वेनमधल्या झोल्नर यांच्या पिस्टनच्या कारखान्याचा तो संघ. १९५७ मध्ये डेट्रॉइटला, म्हणजे मोटारींच्याच गावात आला आणि नाव आपोआप जमून गेलं. सॅक्रामेंटोचे किंग्स आधी सिनसिनाटीत ‘रॉयल्स’ होते. १९७२ मध्ये कॅन्सस सिटीला गेले तर तिथे त्या नावाचा बेसबॉल संघ आधीच हजर, मग ‘किंग्स’ झाले. (आज त्यांचे मालक मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे आहेत, आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये हा संघ वरळीच्या डोममध्ये खेळून गेला. विषयांतर आहे, पण सांगितल्याशिवाय राहवेना.)

या नावांचा अर्थ झिजला तरी बिघडत नाही, कारण त्यांना फक्त ओळख द्यायची असते. फॅन्टसीतल्या नावाला ओळख द्यायचीच नसते. तुमचा संघ म्हणजे यादीतली एक ओळ. कोणाची ओळ ते सगळ्यांना ठाऊक असतं. ते नाव लीगमधल्या दहाबारा जणांना उद्देशून असतं. ‘जिमी बटलर मी पटकावला, बसा हात चोळत’ हे सरळ सांगायला बरं दिसत नाही, म्हणून रहस्यकथेतला गुन्हेगार बटलर पुढे करायचा.

म्हणून याला ‘टोपणनाव’ म्हणणं मला पटत नाही. टोपणनाव बहुधा दुसरे ठेवतात. हे आपणच धारण करून मिरवायचं असतं, म्हणजे बिरुद. ‘ब्रीद’ हे त्याच शब्दाचं झिजलेलं रूप. संतवाङ्मयात ‘ब्रीदाचा तोडर’ येतो. तोडर म्हणजे प्रतिस्पर्ध्याला आव्हान म्हणून पायात घालायचा अलंकार. फॅन्टसीतलं नाव हा असा तोडर आहे, फक्त तो घालणारा बहुधा सोफ्यावर पाय पसरून बसलेला असतो.

प्रतिसाद ४

बिरुद मान्य, पण अर्धंच. बरीच नावं स्वतःचीच टर उडवणारी असतात. गुण, रिबाउंड, असिस्ट अशा नऊ बाबींचे नऊ रकाने मोजणाऱ्या लीगमध्ये काही जण एक रकाना मुद्दाम सोडून देतात, त्याला ‘पंट’ म्हणतात. फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा फटका) हुकवणारा यानिससारखा आडदांड खेळाडू घेतला की त्या फटक्यांची टक्केवारी गेलीच, मग तो रकाना सोडायचा आणि बाकीचे आठ बळकट करायचे. रिंगवर आदळून परत येणाऱ्या फटक्याला अमेरिकेत ‘ब्रिक’ म्हणतात. तेव्हा अशा संघाला ‘वीटभट्टी’ नाव द्या. जाणकाराला त्यात तुमचा सगळा डाव दिसेल, आणि सीझनअखेर तुम्हालाच वीट आला तर तोही अर्थ तयार आहे.

प्रतिसाद ३ चे लेखक

‘वीटभट्टी’ला दाद! पण हेही आव्हानच आहे. ‘माझी उणीव मला माहीत आहे, तुमची तुम्ही शोधा.’

प्रतिसाद ५

आता खेळाडूंच्या नावांवरच्या मराठी श्लेषांकडे वळा की. शाळेत ‘शंकरास पूजिले सुमनाने’ घोकलं ते कधी कामाला येणार?

करी: ‘करी सो कायदा’. शिवाय संस्कृतात करी म्हणजे हत्ती. स्टीफन करीची उंची एनबीएच्या मानाने बेताचीच, तेव्हा हा अर्थ उपरोधाने घ्यावा.

जा मोरँट: मराठी वाचणाऱ्याने हे नाव ‘जा मोरांत’ असं वाचलं की झालं. कावळ्याने मोराची पिसं लावून मोरांत जायची गोष्ट आपल्याला पाठच आहे. दुबळ्या संघाला याहून चपखल नाव नाही.

शाय गिल्जस-अलेक्झांडर: ‘शाई’. निळी, लाल, मतदानाची, हवी ती घ्या.

प्रतिसाद ६

‘शाई’ कागदावर चालेल, कानाला नाही. त्याच्या नावाचा उच्चार ‘शे’ आहे. म्हणजे ‘डोन्ट बी शाय’सुद्धा फक्त डोळ्यांचा श्लेष, मोठ्याने म्हटला की उडून जातो. ‘जा मोरांत’चंही तेच. तिकडे आडनाव मरँटच्या जवळपास उच्चारतात, त्यामुळे तुमचे मोर देवनागरीतच नाचणार.

आणि ‘शे’ म्हटल्यावर मराठी माणसाने शाईच्या मागे कशाला लागावं? ‘शे-सव्वाशे’ घ्या. उच्चार बरोबर, आणि एनबीएतला संघ एका सामन्यात साधारण तेवढेच गुण करतो. याला खुलासा लागत नाही. खुलासा लागणारं नाव लीगमध्ये दोन दिवसांत शिळं होतं.

प्रतिसाद २ चे लेखक

एक व्यावहारिक सूचना. नाव खेळाडूवर बेता, त्याच्या गावावर नको. लुका डॉन्चिच आणि डॅलस अशी जोडी लावून ज्यांनी कोट्या केल्या होत्या, त्यांची २०२५ च्या फेब्रुवारीत पंचाईत झाली. भर मोसमात लुका लेकर्सकडे गेला. खेळाडू तुमच्याकडेच राहिला, कोटी मात्र गेली.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. ‘शे-सव्वाशे’ घेतलं असतं, पण शाय आधीच दुसऱ्याने उचललाय. करी माझ्याकडे आहे, तेव्हा ‘करी सो कायदा’. भाचा विचारतोय, ‘रोटो’ लीगचा रोटीशी काही संबंध?

प्रतिसाद ३ चे लेखक

रोटीशी नाही, खाण्याशी आहे. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रमंडळींनी बेसबॉलची अशी लीग काढली. ते न्यूयॉर्कमधल्या ‘ला रोटिसरी फ्रांसेज’ या उपाहारगृहात भेटत. लीगचं नाव ‘रोटिसरी’ पडलं, त्याचं झालं ‘रोटो’. आता प्रत्येक रकान्यातल्या क्रमांकावरून गुण देण्याच्या पद्धतीलाच रोटो म्हणतात, मग खेळ बेसबॉल असो की बास्केटबॉल.

प्रतिसाद ७

नाव ठरलं, पण ते वाक्यात चालवायचं कसं? ‘लेकर्स हरले’ सोपं आहे, अनेकवचन. हीट, मॅजिक, जॅझ, थंडर ही एकवचनी नावं आली की आपली गाडी अडते. २०२५ चं विजेतेपद ‘थंडर जिंकला’, ‘जिंकली’ की ‘जिंकले’? मनात संघ असेल तर जिंकला, टीम असेल तर जिंकली, आणि खेळाडू डोळ्यांपुढे असतील तर जिंकले. मी ‘थंडरने विजेतेपद मिळवलं’ लिहून सुटका करून घेतो. ‘करी सो कायदा’चं बरं आहे, कायदा पुल्लिंगी, ‘हरला’ बिनधास्त लिहा. ‘जा मोरांत’ घेणाऱ्याचे हाल आहेत. आख्खं वाक्यच नाव झालं, त्याला विभक्ती लावायची तर अवतरणचिन्हाबाहेरच: ‘जा मोरांत’ने, ‘जा मोरांत’ला. छापील मजकुरात हे चालतं. बोलताना अवतरणचिन्ह कुठून आणणार?