मदत हवी आहे : जुन्या मतपत्रिकेची सुटत चाललेली पट्टी

नमस्कार मंडळी,

देशोदेशीच्या जुन्या मतपत्रिका जमवतो. सध्या एका कागदापाशी अडलोय.

दक्षिण आफ्रिकेच्या एप्रिल १९९४ च्या निवडणुकीची कोरी मतपत्रिका माझ्याकडे आहे. इन्काथा फ्रीडम पार्टी अगदी शेवटच्या आठवड्यात रिंगणात उतरली. तोवर मतपत्रिका छापून झाल्या होत्या, म्हणून त्या पक्षाची पट्टी तळाला वेगळी चिकटवली गेली. माझ्या प्रतीत या पट्टीचा डावा कोपरा उचलला गेलाय, खालचा डिंक पिवळा पडून कडक झालाय. पट्टी गेली तर या कागदातला सगळा इतिहासच गेला! गव्हाच्या खळीने कोपरा परत बसवावा, की हात न लावता नुसती प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवावी? पाकीट नेमकं कसलं घ्यायचं?

दुसरं, ऑस्ट्रिया नाझी जर्मनीत विलीन करण्यावरच्या १० एप्रिल १९३८ च्या सार्वमताची मतपत्रिका विकत मिळतेय. ‘हो’साठी मधोमध भलंमोठं वर्तुळ, ‘नाही’साठी बाजूला छोटंसं, बघूनच अंगावर काटा येतो. पण ती अस्सल कशावरून? अतिनील दिव्याखाली कागद निळसर चमकला तर तो बहुधा नंतरच्या काळातला, एवढं तपासून घेईन. भिंगातून छपाईत आणखी काय पाहायचं?

एकोणिसाव्या शतकातली एक अमेरिकन पक्षचिठ्ठीही (पक्षाने स्वतःच छापून वाटलेली मतपत्रिका) आहे, तिला आधीच्या मालकाने सेलोटेप लावलीय. ती काढण्याचा कुणाला स्वतःचा अनुभव असेल तर जरूर सांगा. ऐकीव उपाय करून बघायची हिंमत होत नाही.