सोसायटी ग्रुप: ध्वजवंदनाला आप्पा पडले त्यावरून

मानसी (बी-६०४): नमस्कार. आप्पा काल संध्याकाळी घरी आले, बरे आहेत. कृपया फोन नकोत, झोपू द्या. सगळे धावलात, आभारी आहे. पण एक विचारायचंच आहे. कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न आला, किती वेळ बेशुद्ध होते? सोबत आलेले एक म्हणाले अर्धा मिनिट, दुसरे म्हणाले दहा मिनिटं. फिट होती का, तर एक हो, एक नाही. खाली अख्खी सोसायटी उभी होती ना?

प्रधान काका (ए-२०१): गेटसमोर गाडी लावू नये. ॲम्ब्युलन्स बाहेर अडकली.

जावळेकर काकू (बी-१०२): मानसी, काळजी घे गं. फिटच होती. हात कसे झटकत होते! म्हणून तर मी कांदा आणला.

बंटी (सी-७०१): आणि चप्पल कोणी हुंगवली? 😄

जावळेकर काकू (बी-१०२): हसण्यावारी नेऊ नकोस. कुणीतरी काहीतरी करायला नको? तू तर व्हिडिओ काढत होतास.

*बंटी (सी-७०१) यांनी हा मेसेज डिलीट केला*

लिमये सिस्टर (सी-३०३): काकू, राग मानू नका. कांदा, चप्पल, हातात किल्ली, कशाचाच उपयोग नाही. साध्या चक्करीतही हातपाय झटकतात. मेंदूला काही सेकंद रक्त कमी पडतं म्हणून. ते झटके सहसा १५ सेकंदांच्या आत थांबतात आणि माणूस उठल्यावर लगेच नीट बोलतो. फिट मिनिट-दोन मिनिटं चालते, जिभेची कड चावली जाते, आणि नंतर बराच वेळ माणूस भ्रमात असतो. डॉक्टर हेच विचारत होते. यावर पुढच्या तपासण्या ठरतात. पाहणाऱ्याने नीट सांगितलेली हकिकत हीच मोठी तपासणी.

सेक्रेटरी (ए-५०३): डीव्हीआर (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग) पाहिला. (त्याचं घड्याळ ७ मिनिटं पुढे आहे, तो विषय वेगळा.) पडले ८:४१:१०. उचलून खुर्चीत बसवलं ८:४१:२५. मान टाकली, झटके तिथेच. खाली निजवलं ८:४२:२०. डोळे उघडले ८:४२:३५.

लिमये सिस्टर (सी-३०३): बघा. जमिनीवर होते तेव्हा १५ सेकंद, खुर्चीत ५५ सेकंद, पुन्हा आडवे केल्यावर १५ सेकंदांत शुद्धीवर. खुर्चीने घोळ केला. एकाच जागी ताठ उभं राहिलं की रक्त पायात साठतं. पोटऱ्या हलल्या नाहीत तर ते वर चढत नाही. पडणं म्हणजे शरीराने स्वतःच डोकं हृदयाच्या पातळीला आणणं. आपण परत ताठ बसवलं की सगळं मुसळ केरात.

मोहिते (बी-३०१): खुर्ची मी आणली. चांगलं करायला जावं आणि ग्रुपवर पंचनामा व्हावा. छान.

लिमये सिस्टर (सी-३०३): पंचनामा नाही, मोहिते. पुढच्या वेळी: आडवं निजवा, पाय फूटभर उचला, कॉलर-पट्टा सैल करा, गर्दी मागे हटवा, घड्याळ बघा. शुद्ध नसताना तोंडात साखर-पाणी काही नाही, श्वासनलिकेत जातं. मिनिटभरात शुद्ध आली नाही तर १०८. श्वास नाही किंवा नुसते आचके येतायत, तर वाट न बघता छाती दाबायला घ्यायची. मिनिटाला १०० ते १२०, ५ ते ६ सेंमी खोल.

प्रधान काका (ए-२०१): आणि गेट मोकळं ठेवायचं. गेटसमोर गाडी लावू नये.

अध्यक्ष (ए-७०२): प्रधानसाहेब, वाचलं. ती गाडी पाहुण्यांची होती.

बंटी (सी-७०१): पाहुणे कुणाचे हेही सांगा साहेब 🙏 आणि भाषण किती मिनिटांचं होतं?

अध्यक्ष (ए-७०२): भाषणाचा इथे काय संबंध?

सेक्रेटरी (ए-५०३): डीव्हीआरप्रमाणे २६ मिनिटं. 🙈

लिमये सिस्टर (सी-३०३): संबंध आहे. वय ७४, श्रावणातलं एकभुक्त, बीपीची गोळी, सोबत लघवीची, रात्रीची प्रोस्टेटची. तिन्हींनी दाब उतरतो. वर दमट हवा, पोटात चहा सोडून काही नाही, आणि सावधान.

मोहिते (बी-३०१): मग एवढ्या साध्या चक्करीला सीटी स्कॅन कशाला? लुटतात नुसते.

मानसी (बी-६०४): कपाळ कुंडीच्या काठावर आपटलं होतं. शिवाय स्टेंट आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू.

लिमये सिस्टर (सी-३०३): मग सीटी हवाच होता. डोक्याला मार नसता, बोलणं-चालणं नीट असतं, तर मीही नको म्हटलं असतं. चक्करीत पहिला मान ईसीजीचा. मग बोटाची साखर, हिमोग्लोबिन, सोडियम-पोटॅशियम. आणि सगळ्यात स्वस्त, पण घाईत राहून जाणारी तपासणी: ५ मिनिटं निजवून बीपी, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर कारण सापडलं. मानसी, केली होती का?

मानसी (बी-६०४): दुसऱ्या दिवशी. आडवे १३४/७८, उभे १०६/७०. प्रोस्टेटची गोळी चालू ठेवली, बीपीची एक कमी केली.

लिमये सिस्टर (सी-३०३): २८ चा फरक. पण ग्रुपवर वाचून आपापल्या गोळ्या कुणी बंद करू नका! आणि चालताना-चढताना, निजलेले असताना, छातीत धडधड होऊन, किंवा काहीही चाहूल न लागता कोणी पडलं तर ते साधं समजू नका. ते हृदयाचं असू शकतं.

जोग आजोबा (सी-१०१): 🌹 शुभ प्रभात 🌹 आजचा सुविचार: आरोग्य हीच संपत्ती

नितीन (ए-१०४): मानसी, क्लेमचं बघ. नुसतं "निरीक्षणासाठी दाखल" लिहिलं असेल तर कंपनी अडवते. केवळ तपासण्यांसाठी भरती झाली तर पैसे नाहीत, हे कलम बहुतेक पॉलिसींत असतं. २४ तास भरले का तेही बघ. डिस्चार्ज कार्डवर बेशुद्धी, डोक्याची जखम, रक्त पातळ करणारी गोळी, सलाईन आणि उभ्याचं बीपी आलंय ना? घडलं तेवढंच, पण सगळं लिहून घ्यायचं. कॅशलेसला नियमाने मंजुरी १ तासात आणि सुटतानाचं अंतिम उत्तर ३ तासांत यायला हवं.

मानसी (बी-६०४): सुटताना सहा तास बसवलं.

नितीन (ए-१०४): मग तक्रार करता येते. मेलची वेळ जपून ठेव, पर्सनलवर सांगतो.

प्रधान काका (ए-२०१): तक्रार करायचीच तर आधी गेटसमोरच्या गाडीची. गेटसमोर गाडी लावू नये.

अध्यक्ष (ए-७०२): प्रधानसाहेब, तुमची स्कूटर दोन वर्षं फायर हायड्रंटला टेकून आहे. फोटो टाकू का?

प्रधान काका (ए-२०१): स्कूटर ढकलता येते. आपल्या पाहुण्यांची एसयूव्ही ढकलता येत नाही.

मोहिते (बी-३०१): आता खुर्चीवाला सुटला वाटतं.

बंटी (सी-७०१): मोहिते अंकल, तुमची खुर्ची आणि काकूंचा कांदा गणपतीत देखाव्याला ठेवू 😂

जावळेकर काकू (बी-१०२): बंटी, तुझ्या आईला सांगते थांब.

लिमये सिस्टर (सी-३०३): उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी आली, कानात सूं झालं, घाम फुटला, तर लाजू नका. तिथेच बसा किंवा आडवे व्हा. ते जमत नसेल तर पायावर पाय आवळून मांड्या आणि मुठी घट्ट करा, दाब थोडा टिकतो. आणि अध्यक्षसाहेब, ज्येष्ठांना गणपतीत तरी खुर्च्या आधीच मांडा.

अध्यक्ष (ए-७०२): नोंद घेतली. वॉचमन केबिनमधली प्रथमोपचार पेटी कुणी बघितली आहे का? ग्लुकोमीटर आपण घेतला होता.

सेक्रेटरी (ए-५०३): आत्ता उघडली. पट्ट्यांची मुदत मार्चमध्ये संपली. बीपी मशीनमध्ये सेल फुटून गंज चढलाय. बाकी कापूस आणि मागच्या कमिटीची पावती पुस्तकं.

मोहिते (बी-३०१): मशीन मी देतो, घरी पडून आहे. सेल कुठले लागतात?

सेक्रेटरी (ए-५०३): पेन्सिल सेल, चार.