कांजिण्या कोणी आणल्या?

शिल्पा ए-२०४: शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये वाढदिवसाला एका आजारी मुलाला आणलं होतं. आज सकाळी ओवीच्या पाठीवर पाण्याचे फोड. डॉक्टर म्हणाले कांजिण्या. नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

स्वाती बी-५०१: नाव घ्या की. माझ्या नीरजबद्दलच आहे ना? ताप नव्हता त्याला, नाक गळत होतं. फोड रविवारी उठले.

नाना सी-१०१: खेळायची जागा बंद ठेवा.

शिल्पा ए-२०४: नाक गळतंय दिसत होतं ना? मग?

अनुजा ए-६०३: शिल्पा, मी मुलांच्या वॉर्डात रोज हेच बघते. विषाणू शिरल्यापासून फोड यायला १० ते २१ दिवस लागतात. शनिवारी लागण आणि सोमवारी फोड, असं होतच नाही. ओवी आणि नीरज दोघांनाही दीड ते तीन आठवड्यांपूर्वीच कुठेतरी लागलंय.

मंदार बी-३०२: म्हणजे केस बंद, दोघेही निर्दोष 😄

स्वाती बी-५०१: मंदार, इथे गंमत नाही चाललेली. शिल्पाताई, ओवीच्या आजोबांना मध्यंतरी नागीण झाली होती ना? दोघंही त्यांच्याकडेच बुद्धिबळ शिकायला बसतात.

शिल्पा ए-२०४: आता बाबांवर ढकलायचं का?

नाना सी-१०१: खेळायची जागा बंद ठेवा. मी आधीच सांगितलं होतं.

अनुजा ए-६०३: कुणावर ढकलू नका. नागीण आणि कांजिण्या, विषाणू एकच. लहानपणी कांजिण्या झाल्या की शरीर अँटीबॉडी (विषाणूला रोखणारी प्रथिनं) बनवतं, टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) बाधित पेशी मारतात, विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी पुढे वर्षानुवर्षं पहारा देतात. पण विषाणू पूर्ण जात नाही, मज्जातंतूंच्या गाठीत लपून राहतो. वयाबरोबर टी-पेशींचा जोर ओसरला की नागीण म्हणून वर येतो. त्या फोडांच्या पाण्यातून कांजिण्या न झालेल्या, लस न घेतलेल्या मुलाला लागू शकतं. आजोबांकडूनच आलं असेल असं नाही, आणि त्यांनी मुद्दाम काही केलेलं नाही.

मंदार बी-३०२: मग शनिवारचं टेन्शन नाही ना?

अनुजा ए-६०३: खरं टेन्शन शनिवारचंच. फोड येण्याआधी १-२ दिवसही हवेतून लागण होते. त्या दिवशी दोघंही इतरांना देऊ शकत होते. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मुलांना घरीच ठेवा. तापाला ॲस्पिरिन अजिबात नको, मेंदूला आणि यकृताला धोका असतो.

नाना सी-१०१: म्हणूनच म्हणतोय, खेळायची जागा

अनुजा ए-६०३: नाना, बंद हॉलमध्ये धोका जास्त होता. शनिवारी तिथे कोण कोण होतं ते सांगा. गरोदर बाई, तान्हं बाळ, केमो किंवा स्टेरॉइड चालू असलेलं कुणी? ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत, लसही नाही, त्यांनी आजच डॉक्टरांना विचारा. संपर्कानंतर ३ ते ५ दिवसांत लस दिली तर बऱ्याचदा आजार टळतो. गरोदरपणात मात्र ही लस देत नाहीत.

नेहा सी-४०४: मला सातवा महिना आहे. तासभर होते तिथे. 😟 झाल्या होत्या की नाही, आईलाही आठवत नाही.

अनुजा ए-६०३: नेहा, आत्ता तुझ्या डॉक्टरांना फोन कर. रक्तात अँटीबॉडी आहेत का ते तपासता येतं. नसतील तर तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन असतं, ते १० दिवसांच्या आत घ्यावं लागतं. दवाखान्यात शिरण्याआधी कल्पना दे, तिथेही गरोदर बायका बसलेल्या असतात.

स्वाती बी-५०१: नेहा, गाडी काढते. नको, मी घरातून बाहेर पडायला नको. मंदार, तू सोडशील का?

मंदार बी-३०२: खाली उभा आहे, ये.

शिल्पा ए-२०४: वाढदिवसाची यादी माझ्याकडे आहे. एकेकाला फोन करते. स्वाती, बी विंगचे नंबर तू घे.