बागेसाठी लोखंडी घन : पत्रा, कडा, गंज (सल्ला हवा)

काटकोन
कोथरूडला सोसायटीच्या बागेत ६०० मिमीचा घन ठेवायचाय. चौथरा नाही, रंग नाही, फक्त गंज. ३ मिमी एमएस (साधं माइल्ड स्टील) घ्यावं की कॉर्टेन (ज्याचा गंजच घट्ट थर होऊन आतलं पोलाद राखतो)? भोसरीचा फॅब्रिकेटर बेंडिंग करून, म्हणजे पत्रा वाकवून, देतो म्हणतोय.

पत्रेवाला
बेंडिंग नको. ३ मिमीला बाहेरची गोलाई साधारण ६ मिमी येते आणि घनाचा डबा होतो. अशा कामात नजरेला कडेखेरीज दुसरं काही नसतंच, सगळा खर्च तिथेच करा.

लेझरने पाच सुटे तुकडे कापून घ्या, तळ उघडा: वरचा ५९४ × ५९४, बाजू ५९४ रुंद, ५९७ उंच. आतल्या कडा भिडवल्या की बाहेर व्ही खाच राहते आणि माप बरोबर ६०० येतं. गुण्या लावून टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारा, मग खाच ५०-५० मिमीच्या तुकड्यांत, समोरासमोरच्या कडांवर आळीपाळीने भरा. सलग वेल्ड ओढला की पत्रा पोट काढतो. ते दाबायला आतून पट्ट्या मारू नका, त्यांचे चट्टे बाहेर उमटतात.

घासताना फ्लॅप डिस्क (ग्राइंडरची पॉलिश पेपरची चकती) तिरकी दाबली तर कड लहरते. शेवटचा हात लाकडी ठोकळ्यावर ८० नंबरचा पेपर लावून. कडेवर स्टीलची पट्टी ठेवून मागून टॉर्च मारा, उजेड झिरपला तिथे खळगा आहे.

गंजलेली_दुपार
कॉर्टेनच घ्या, वेल्डिंगचा रॉडही त्याच जातीचा. नवं असताना ते एमएससारखंच दिसतं, म्हणून टेस्ट सर्टिफिकेट मागा. रेल्वेच्या आयआरएसएम ४१ ग्रेडमध्येही मिळतं. वरची निळसर साल सँडब्लास्टने (हवेच्या दाबाने वाळूचा मारा) काढा, नाहीतर गंज ठिगळाठिगळाने येतो. दाब बेताचा ठेवा, ३ मिमी पत्रा वाकतो.

काम उन्हाळ्यातच उरका. रोज पाणी मारायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. भिजणं-वाळणं आलटूनपालटून झालं तरच थर घट्ट धरतो. गवत टेकलं तर खालची कड सतत ओली राहून खाल्ली जाते, म्हणून जमिनीपासून २० मिमी उचला. तेवढ्या सावलीने घन हलकाही दिसतो. पहिल्या पावसात तांबडं पाणी गळणारच, शहाबादी फरशीपासून लांब ठेवा.

काटकोन
माप बरोबर वाटतं का?

पत्रेवाला
६०० मिमीच्या घनावर लोक बसतील. अमेरिकन शिल्पकार टोनी स्मिथने १९६२ साली ‘डाय’ हा पोलादी घन सहा फुटांचा केला, कारण त्याला स्मारकही नको होतं आणि वस्तूही. बागेत ९०० बघा, पण मग पत्रा ५ मिमी, वजन सुमारे १६० किलो. टेम्पो आतपर्यंत येतो का, ते आधी पाहा.