मराठी घरी, हिंदी शाळेत: पोरांच्या वेलांट्या कशा सुधारल्या? इंदूरकरांनो, लिहा

सुरुवात मीच करते. लेक पाचवीत, मराठी फक्त घरात. रविवारी किराण्याची यादी तिच्याकडून लिहून घेते. पहिल्या यादीत 'गुळ, साबुदाना, पोहा'. सासूबाई म्हणाल्या, पोहा एकच आणायचा का गं? लेक इतकी हसली की पोहे पुन्हा कधी चुकले नाहीत. गुळाला वेळ लागला, कारण 'गूळ'ला दुसरा उकार पण 'गुळाची' म्हटलं की पहिला. आता मोठ्यांदा म्हणून बघते, गूळ लांबतो, गुळाची पटकन संपतं, आणि मग लिहिते.

लोकमान्यनगरचा बाबा
आमच्याकडे भांडणच वेगळं. मुलाने हिंदीच्या पेपरात 'शक्ती' लिहिलं, मार्क कापले. घरी मराठीत 'शक्ति' लिहिलं तर मी कापलं, आणि आजोबा म्हणून राहिले की त्याचंच बरोबर आहे! ते शिकले १९६२ च्या नियमांच्या आधी, तेव्हा मराठीतही कवि, शक्ति असंच लिहायचे. पोरगं रडकुंडीला आलं, म्हणे बाबा तुम्ही आधी आपसात ठरवा. तेव्हा कळलं की हा निष्काळजीपणा नाहीच, लिपी एक आणि कायदे दोन. मग एवढंच सांगितलं, मराठीत शब्दाच्या शेवटी दुसरी वेलांटी, हिंदीत बाईंनी शिकवलं तसं. 'कविराज'मध्ये वि शेवटी नाही म्हणून पहिलीच. तो अजून 'छोटी इ, बडी ई' म्हणतो, म्हणू दे.

दोन मुलींची आई
लाल पेन मी बंद केला, त्याने धाकटीने लिहिणंच सोडलं होतं. उलट तिला माझे व्हॉट्सॲपवरचे मेसेज तपासायला दिले, चुकीला एक रुपया. महिन्यात ४३ रुपये गेले, त्यातले अर्धे तरी 'आणी'चे. शेवटी दीर्घ या नियमाला 'आणि' अपवाद, हे मला तिच्याकडून कळलं, आता बोला.

सराफ्यामागचे
आमचं फारसं जमलेलं नाही. 'शाला', 'काला', 'डोला'. वहीत शंभरदा ळ गिरवून घेतला, उपयोग शून्य, कारण बोलण्यातच ळ नव्हता, मित्र सगळे हिंदीवाले. उन्हाळ्यात महिनाभर पुण्याला मावशीकडे राहून आला तर आपोआप 'केळं' म्हणायला लागला. लिहितानाही आता दहातले सहा-सात बरोबर असतात. ण मात्र तसाच आहे, कालच फ्रिजवर चिठ्ठी: 'आई पानी भरलं'.