पोलीस कोठडीतील मृत्यू: दोन सरकारी आकडे, धरायचा कोणता?
(एका चर्चेतील नोंदी. प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

नोंदवही
पोलीस कोठडीतील मृत्यूंचा पाच-सहा वर्षांचा तक्ता करायला घेतला आहे आणि पहिल्याच रकान्यात गाडी अडली आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) वार्षिक गुन्हे अहवालात २०२१ साली देशभरात ८८ मृत्यू दिसतात, त्यांत गुजरात २३ आणि महाराष्ट्र २१. गृह मंत्रालयाने राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या हवाल्याने संसदेत दिलेल्या उत्तरात मात्र २०२१-२२ साठी १७५ आहेत, त्यांत महाराष्ट्र ३० आणि गुजरात २४. दोन्ही आकडे सरकारचेच. फरक फक्त कॅलेंडर वर्ष आणि आर्थिक वर्षाचा आहे का? नसेल तर टिपणात कोणता आकडा द्यावा? जिल्हावार माहिती कुठून मिळेल? आणि देशांतल्या लोकशाहीला गुण देणाऱ्या व्ही-डेम, फ्रीडम हाऊस वगैरे संस्थांचे भारताचे गुण याच आलेखात टाकले तर चालेल का?

तळटीप
वर्षाचा मुद्दा आधी निकालात काढू. आयोगाची २०२०-२१ आणि २०२१-२२ ही दोन वर्षे घ्या: १०० अधिक १७५, म्हणजे २४ महिन्यांत २७५. हे २४ महिने पूर्ण पोटात घेणारी एनसीआरबीची तीन वर्षे म्हणजे २०२० (७६), २०२१ (८८) आणि २०२२ (७५). बेरीज २३९. ३६ महिन्यांची बेरीज २४ महिन्यांपेक्षा कमी भरते, तेव्हा दोष कॅलेंडरचा नाही. मोजणीच वेगळी आहे.

एनसीआरबीचा आकडा पोलीस ठाणे, जिल्हा, राज्य गुन्हे नोंद केंद्र (आपल्याकडे पुण्याची सीआयडी) आणि मग दिल्ली असा वर चढतो. मृत्यू 'कोठडीतला' की 'अकस्मात मृत्यू', हे ठरवणारे पहिले टेबल पोलिसांचेच असते. आयोगाची वाट निराळी आहे. १४ डिसेंबर १९९३ च्या निर्देशानुसार कोठडीतील प्रत्येक मृत्यू जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षकांनी २४ तासांत थेट आयोगाला कळवायचा असतो, आणि वेळेत न कळवल्यास प्रकरण दडपण्याचा प्रयत्न झाला असे गृहीत धरले जाईल, अशी तंबी त्याच पत्रात आहे. त्यामुळे शंका असेल तेव्हा अधिकारी कळवून मोकळा होतो. एनसीआरबीच्या तक्त्याला असा काटा नाही.

आणखी तीन खाचा.

आयोगाचा आकडा 'नोंदवलेल्या प्रकरणांचा' आहे. मार्चअखेरचा मृत्यू एप्रिलमध्ये नोंदला गेला की वर्ष बदलले. २०२०-२१ चे १०० आणि लगेच पुढच्या वर्षी १७५, यातला काही भाग कोविडकाळात तुंबलेल्या नोंदींचा असू शकतो. म्हणून या दोन वर्षांची उडी एकटी दाखवू नका, सरासरीही शेजारी द्या.

दुसरे, एनसीआरबी 'रिमांडवर असलेले' आणि 'रिमांडवर नसलेले' असे दोन तक्ते देते. दोन्ही मिळवायचे असतात. बातम्यांत कधी कधी एकच उचलला जातो. चौकशीसाठी बोलावून बसवून ठेवलेला, पण कागदोपत्री अटक न दाखवलेला माणूस गळण्याची शक्यता सर्वात जास्त असते ती या दुसऱ्या तक्त्यातून.

तिसरे, पोलीस कोठडीत मार बसला, मग न्यायालयीन कोठडी मिळाली आणि आठ दिवसांनी तुरुंगात मृत्यू झाला, तर तो 'पोलीस कोठडी'त मोजला जात नाही. तो तुरुंगांच्या आकडेवारीत जातो, आणि तिथे आजारपण म्हणजे 'नैसर्गिक' असा शिक्का बसू शकतो. २०२२ च्या तुरुंग आकडेवारीत एकूण १,९९५ मृत्यू असून त्यांपैकी अनैसर्गिक फक्त १५९ आहेत. अर्थात हे सगळे एकत्र बेरीज करून 'कोठडीबळी' म्हणणेही चूकच. ५,७३,२२० कैद्यांमध्ये (त्यांतले ७५.८ टक्के कच्चे कैदी) काही मृत्यू खरोखर आजाराने होणारच.

मृत्यूच्या कारणांचा रकाना (आत्महत्या, आजार, पोलिसांच्या मारहाणीतील इजा, पळताना इत्यादी) हा पोलिसांच्या नोंदीतला दावा आहे, न्यायालयाचा निष्कर्ष नव्हे. तक्त्याच्या मथळ्यात 'नोंदवलेले कारण' असेच लिहा.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर: किती मृत्यू, यासाठी आयोगाचा आकडा. पुढे काय झाले, म्हणजे चौकशी, गुन्हा, आरोपपत्र, शिक्षा, यासाठी एनसीआरबी, कारण संसदेतल्या त्या उत्तरात हे रकाने नसतात. दोन्ही शेजारी ठेवा, पण एका रेषेत जोडू नका.

अर्जदार
जिल्हावार माहितीसाठी माहिती अधिकाराला पर्याय नाही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज 'जोडपत्र अ'मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मजकूर १५० शब्दांत आणि विषय एकच. 'कोठडी मृत्यू आणि पोलिसांवरील कारवाई' असे जोडून लिहिले की दोन विषय म्हणून परत येते. पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे प्रत्येक घटकासाठी वेगळा अर्ज करा. 'किती मृत्यू झाले आणि का' असे विचारू नका. 'का'ला उत्तर द्यायचे बंधन त्यांच्यावर नाही. दस्तऐवज मागा:

– अमुक ते अमुक तारखेदरम्यान पोलीस कोठडीत, किंवा कोठडीतून रुग्णालयात हलवल्यावर झालेल्या मृत्यूंची महिनानिहाय संख्या.
– प्रत्येक प्रकरणात मानवी हक्क आयोगाला पाठवलेल्या पहिल्या पत्राचा जावक क्रमांक व दिनांक.
– दंडाधिकारी चौकशीच्या आदेशाचा दिनांक आणि चौकशी करणाऱ्याचे पदनाम.

जावक क्रमांकाची ओळ गाळू नका. संख्या देताना 'निरंक' लिहून मोकळे होणे सोपे असते, जावक नोंदवहीशी मेळ घालणे अवघड. शिवाय मृत्यूचा दिनांक आणि पत्राचा दिनांक शेजारी ठेवले की २४ तासांचा नियम किती पाळला गेला, याचा एक नवाच निर्देशक हाती येतो. तो कुठल्याही छापील अहवालात मिळत नाही.

पदनामही मुद्दाम मागायचे. दंडप्रक्रिया संहितेच्या कलम १७६(१अ) नुसार २३ जून २००६ पासून ही चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी करायची आहे. आता तीच तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये आली आहे. उत्तरात 'उपविभागीय दंडाधिकारी' आले तर ती कार्यकारी चौकशी झाली, न्यायिक नव्हे. दोन्हींची बेरीज करू नका.

'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' हे उत्तर ठरलेले आहे. त्यावर कलम २(ञ) खाली नोंदवहीच्या निरीक्षणाची मागणी करा. मृतांची नावे मागू नका, खासगीपणाच्या कलमाखाली सगळाच अर्ज अडवायला निमित्त मिळते. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटले नाही, तर त्यानंतर ३० दिवसांत प्रथम अपील (२० रुपये स्टॅम्प) आणि पुढे ९० दिवसांत राज्य माहिती आयोग. तिथली रांग लांब आहे, तेव्हा टिपणाची मुदत दुसऱ्या अपिलावर बेतू नका.

शेकडेवारी
वरचे आकडे लहान आहेत, म्हणून एक इशारा. आयोगाची महाराष्ट्राची मालिका २०१७-१८ पासून १९, ११, ३, १३, ३० अशी आहे, एकूण ७६. '३ वरून ३०, दहापट वाढ' हा मथळा कुणालाही सुचेल. पण इतक्या लहान संख्येत निव्वळ योगायोगाने होणारी हालचाल मोठी असते. पॉयसाँ वितरण (तुरळक घटनांच्या मोजणीचे नेहमीचे गणिती प्रारूप) धरले तर ३ भोवतीची ९५ टक्के मर्यादा साधारण ०.६ ते ८.८, १३ ची ७ ते २२ आणि ३० ची २० ते ४३ येते. १३ आणि ३० च्या मर्यादा थोड्या एकमेकींवर चढतात, पण म्हणून 'फरक नाही' असे म्हणता येत नाही. थेट तुलना करा: एकूण ४३ पैकी ३० एका वर्षात पडणे हे नाणेफेकीत क्वचितच घडते, शंभरात एक-दोनदा. वाढ आहे. मात्र ती मृत्यूंची की नोंदणीची, हे ही चाचणी सांगत नाही.

राज्यांची तुलना करताना छेद काय घेता त्यावर निकाल फिरतो. याच पाच वर्षांत गुजरात ८०, महाराष्ट्र ७६, म्हणजे वरवर बरोबरी. २०११ च्या लोकसंख्येने भागले (६.०४ कोटी आणि ११.२४ कोटी) तर दर कोटीमागे गुजरात १३.२, महाराष्ट्र ६.८. पण धोका पत्करते ती लोकसंख्या नव्हे, अटक झालेली माणसे. तेव्हा अटकांच्या संख्येने भागायला हवे. तिथे पुन्हा मेख: गुजरातेत दारूबंदी कायद्याखालच्या अटका भरमसाट. त्यांतले बहुतेक लवकर जामिनावर सुटतात. त्या छेदात घेतल्या की गुजरातचा दर आपोआप खाली येतो. शक्य असेल तर दारूबंदी आणि प्रतिबंधात्मक अटका वगळून आणि न वगळता असे दोन्ही दर द्या.

आणि जोडणीच्या वेळी: तेलंगणा २०१४ पासून वेगळे, जम्मू-काश्मीर आणि लडाख ऑक्टोबर २०१९ पासून, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव जानेवारी २०२० पासून एक. राज्यांच्या नावावरून तक्ते जोडले की या ओळी गुपचूप गळतात. आधी संकेतांकांचा तक्ता करा आणि प्रत्येक वर्षाची बेरीज छापील बेरजेशी ताडून पाहा. पीडीएफमधून तक्ते काढताना टॅब्युला किंवा कॅमेलॉट ही संगणकीय साधने चालतात, पण दोन ओळींत मोडलेले राज्याचे नाव हमखास एक ओळ सरकवते.

उंबरा
व्ही-डेम आणि फ्रीडम हाऊस याच आलेखात टाकू नका. ते आकडे देशाचे आहेत, राज्याचे नाहीत, आणि मोजतात ते वेगळेच.

व्ही-डेम (स्वीडनमधले गोथेनबर्ग विद्यापीठ) प्रत्येक प्रश्नासाठी साधारण पाच किंवा अधिक तज्ज्ञांना श्रेणी द्यायला सांगते आणि कोण कडक, कोण सैल हे सांख्यिकी प्रारूपाने जुळवून घेते. तुमच्या विषयाला लागू असलेला सूचक म्हणजे 'छळापासून मुक्तता'. तो वापरायचाच असेल तर देश-वर्ष संच उतरवा, फक्त भारताच्या ओळी निवडून घ्या आणि मूळ स्तंभाबरोबर खालची व वरची मर्यादा तसेच तज्ज्ञांची संख्या हे स्तंभही घ्या. तज्ज्ञ तीनपेक्षा कमी असतील ते वर्ष सोडा. मर्यादा न दाखवता नुसती रेषा काढली तर दशांशातली हलकीशी उतरणही कोसळल्यासारखी दिसते. दुसरी नेहमीची चूक: दरवर्षी नवी आवृत्ती येते तेव्हा जुनी वर्षेही नव्याने अंदाजली जातात. २०१९ च्या आवृत्तीतला आकडा आणि २०२४ च्या आवृत्तीतला आकडा एका आलेखात बसत नाहीत.

लेबलांपासून तर लांबच राहा. फ्रीडम हाऊसच्या २०२० च्या अहवालात भारत ७१ गुणांवर 'मुक्त' होता, २०२१ च्या अहवालात ६७ वर 'अंशतः मुक्त' झाला. चार गुणांनी शब्द बदलला आणि चर्चा शब्दावरच झाली. व्ही-डेमनेही २०२१ च्या अहवालात 'निवडणूकप्रधान एकाधिकारशाही' म्हटले, तेही उंबरठ्याजवळचे वर्गीकरण. अशा सीमेवरच्या देशांसाठी त्यांच्याच संचात एक वेगळा स्तंभ आहे, तो फार थोडे लोक उघडतात.

हे सगळे परसेप्शनवर चालते म्हणून टाकाऊ, असा सूर पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या नोव्हेंबर २०२२ च्या लेखात होता. तज्ज्ञांच्या मताला मर्यादा आहेत हे खरेच. लिटल आणि मेंग या राज्यशास्त्रज्ञांनीही वस्तुनिष्ठ निकष लावले तर जगभरची घसरण तितकी दिसत नाही असे मांडले आहे. पण तळटीप यांनी वर जे दाखवले, त्यानंतर 'सरकारी नोंद म्हणजे वस्तुनिष्ठ' असेही म्हणवत नाही. शिवाय राज्यशास्त्रज्ञ क्रिस्टोफर फॅरिस यांचा २०१४ चा मुद्दा लक्षात ठेवा: देखरेख कडक झाली की पूर्वी दुर्लक्षित राहिलेला छळही अहवालात येतो, आणि परिस्थिती सुधारत असतानाही गुण खाली किंवा जागच्या जागी राहतात.

नोंदवही
सर्वांचे आभार. वर्तमानपत्रांतल्या बातम्यांची नावानिशी यादी केली तर तिसरा स्रोत म्हणून चालेल? दोन याद्यांवरून न नोंदलेल्यांचा अंदाज काढतात असे वाचले आहे.

तळटीप
चालेल, पण सूत्र लावायची घाई नको. पद्धत अशी: एका यादीत ४०, दुसरीत ३०, दोन्हींत सामाईक २०, तर एकूण अंदाज ४० गुणिले ३० भागिले २०, म्हणजे ६०. यात दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत. कोठडी मृत्यूत त्या नसतात. ज्या मृत्यूवर गावात मोर्चा निघतो तो छापूनही येतो आणि आयोगाकडेही जातो. मग सामाईक संख्या फुगते आणि अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो. म्हणून निदान तीन याद्या लागतात.

पेरूच्या सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये अशाच पद्धतीने तिथल्या सशस्त्र संघर्षातील ६९,२८० बळींचा अंदाज दिला, नोंदलेले मृत्यू सुमारे २४ हजार असताना. २०१९ मध्ये सिल्विओ रेन्डॉन यांनी त्याच माहितीवरून सुमारे ४८ हजार काढले आणि वाद अजून चालू आहे. हजारोंच्या याद्या असूनही इतका फरक पडतो. तुमच्या हाती वर्षाला वीस-तीस नोंदी असतील.

यादी मात्र जरूर करा: दिनांक, पोलीस ठाणे, वय, अटकेचे कलम, मृत्यूचे ठिकाण, बातमीचा दिनांक. नावाची लिपी आणि आडनाव दोन बातम्यांत वेगळे छापले जाते, म्हणून जुळवणी ठाणे आणि दिनांकावर करा, दोन दिवसांची सूट ठेवून. मग अर्जदार यांनी सांगितलेले जावक क्रमांक आले की जुळवून पाहा. बातमीत आहे आणि जावक नोंदवहीत नाही, अशा ओळी वेगळ्या काढा. त्या टिपणात आकडा म्हणून नको, प्रत्येकीचा संदर्भ देऊन स्वतंत्र तक्ता करा. नावे छापील प्रतीत गाळा.